कॉलेजच्या भिंतीवरची जुनी चित्रं: त्यातून तेव्हाचं विद्यार्थीजीवन खरंच कळतं का?

रिकामाफळा:

मंडळी, जरा मदत हवीये. मी शिकलो त्या कॉलेजच्या जुन्या वाचनालयात एका अख्ख्या भिंतीवर भित्तिचित्र आहे, बरंच जुनं, खालची सही अर्धी उडालेली. चित्रात विद्यार्थी झाडाखाली वाचतायत, एकजण परीक्षानळी उजेडात धरून उभा, एका कोपऱ्यात खेळ चाललाय, दुसऱ्या कोपऱ्यात वाद्यं, आणि सगळेच्या सगळे सडसडीत, गंभीर, इस्त्रीतले. माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणिकेसाठी मला यावर लेख द्यायचाय, विषय मिळालाय 'चित्रातून दिसणारं तेव्हाचं विद्यार्थीजीवन'. लिहायला बसलो आणि अडलोच, कारण असं कुठलं कॉलेज असतं जिथे कोणी पेंगत नाही, कोणी कोणाची वही उतरवून घेत नाही, आणि फी भरायची राहिली म्हणून कोणाचं तोंड उतरलेलं नाही?

तर प्रश्न असा की असल्या चित्रावर पुरावा म्हणून किती भरवसा टाकायचा? बाकी जगात अशी चित्रं आहेत का, त्यातून लोकांना काय काय सापडलं? आणि बघताना नेमकं बघायचं काय? शैली, रंगसंगती वगैरे मला झेपणार नाही, मी कॉमर्सवाला.

---

चुन्याची_निवळी:

चांगला धागा. माझं मत सरळ आहे, चित्रात काय आहे हे नंतर बघा, आधी पैसे कोणी दिले, ते कुठल्या खोलीत आहे आणि त्या खोलीत कोणाला जाता यायचं हे शोधा. संस्थेने काढून घेतलेल्या चित्रात विद्यार्थी कसे होते ते कमी आणि संस्थेला ते कसे हवे होते ते जास्त दिसतं. पण तेही काही टाकाऊ नाही.

शिकागो विद्यापीठात आयडा नॉइज हॉल म्हणून इमारत आहे, 1916 साली उघडली, खास विद्यार्थिनींसाठी, आत जिम, पोहण्याचा तलाव, बसायच्या खोल्या, आणि तिसऱ्या मजल्यावर छोटं नाट्यगृह. उद्घाटनाला विद्यार्थ्यांनी एक भलाथोरला रूपकात्मक नाट्यप्रयोग केला होता आणि जेसी आर्म्स बोटके या चित्रकर्तीने तोच प्रयोग त्या नाट्यगृहाच्या भिंतींवर रंगवला, 1918 मध्ये पूर्ण झाला. वरवर बघाल तर नुसत्या झुळझुळीत कपड्यातल्या परीकथेतल्या मुली. पण थोडं थांबून विचार करा, हे देवादिकांचं चित्र नाहीये, विद्यार्थ्यांनीच केलेल्या कार्यक्रमाची ती नोंद आहे. शंभर वर्षांपूर्वी विद्यापीठात मुलींना स्वतःची अशी एक इमारत मिळते आणि तिच्या भिंतीवर कुठला संस्थापक नाही, सेनापती नाही, विद्यार्थ्यांचंच नाटक चढतं, हे मला त्यातल्या प्रत्येक चेहऱ्यापेक्षा जास्त सांगून जातं.

आता याच्या बरोबर उलट नमुना. अमेरिकेतलंच डार्टमथ कॉलेज. तिथे मेक्सिकन चित्रकार ओरोस्को याने 1932 ते 1934 मध्ये वाचनालयाच्या तळमजल्यावरच्या अभ्यासिकेत प्रचंड भित्तिचित्रमालिका काढली. त्यात एका चौकटीत गाऊन घातलेले प्राध्यापकांचे सांगाडे ओळीने उभे आहेत आणि पुढे आडव्या पडलेल्या सांगाड्याची प्रसूती करून मेलेलं 'ज्ञान' जन्माला घालतायत. रोज त्याच्याखाली बसून पोरं अभ्यास करायची! हे बघून काही माजी विद्यार्थ्यांचं पित्त खवळलं आणि त्यातल्या वॉल्टर हम्फ्री नावाच्या चित्रकाराने त्याच दशकाच्या शेवटी भोजनगृहाच्या तळघरात 'आपलं' चित्र काढलं, कॉलेजच्या एका जुन्या मद्यगीतावर. संस्थापक रमचं पिंप घेऊन जंगलात आलाय, मूलनिवासी लोक पिऊन झिंगलेत, अर्धनग्न बायका आजूबाजूला, आणि त्यातली एकजण पुस्तक उलटं धरून वाचतेय.

ते उलटं पुस्तक बघा फक्त. चित्रकाराला विनोद करायचा होता. आज आपल्याला कळतं ते हे की तिथे जेवायला बसणारे सगळे पुरुष होते (मुलींना तिथे रीतसर प्रवेश 1972 ला मिळाला), त्यांच्यापैकी बहुतेकांना हा विनोद खुपणार नाही अशी चित्रकाराला खात्री होती, आणि ज्यांच्यावर तो केलाय त्यांच्यापैकी कोणी शेजारच्या टेबलावर बसलेलं असेल हे त्याच्या गावीही नव्हतं. गंमत म्हणजे त्या कॉलेजच्या सनदेत मूलनिवासी मुलांना शिकवण्याचा हेतू लिहिलेला आहे. विद्यार्थीजीवनाबद्दल याहून बोलकं काय हवं.

---

निव्वळ_वाचक:

उलट्या पुस्तकाचं भारी आहे. पण मग सगळं हुकुमावरूनच काढलेलं असणार ना? विद्यार्थ्यांनी स्वतः काढलेलं जुनं असं काहीच टिकलं नाही का कुठे? आमच्या हॉस्टेलच्या भिंतींवर जे साहित्य होतं ते तर दर उन्हाळ्यात रंगाऱ्याच्या ब्रशखाली जायचं, त्यातलं थोडं खरंच जपण्यासारखं होतं. (थोडंच.)

---

तळघरातला:

@निव्वळ_वाचक टिकलंय, आणि तेही तुरुंगात!

जर्मनीत हायडेलबर्गला जा, तिथे विद्यापीठाचा स्वतःचा तुरुंग होता, 'कार्झर' म्हणतात. विद्यापीठाला आपल्या विद्यार्थ्यांचा न्यायनिवाडा करायचा अधिकार असायचा, म्हणजे रात्री गावात दंगा केला, दिवे फोडले, पहारेकऱ्याला शिव्या घातल्या, कोणाची डुकरं सोडून दिली, की गावचा पोलीस तुम्हाला विद्यापीठाच्या ताब्यात द्यायचा आणि मग गुन्ह्याप्रमाणे काही दिवस ते काही आठवडे आत. आताची जागा 1778 पासून 1914 पर्यंत वापरात होती. आणि भिंती, जिन्याच्या बाजू, छतं, एक वीत जागा मोकळी नाही. मेणबत्तीची काजळी, मिळेल तो रंग, काहीही चालवलंय. सगळ्यात जास्त दिसतात ती बाजूने काढलेली काळी सावलीसारखी तोंडं, आणि त्यावर आपापल्या विद्यार्थी संघटनेच्या रंगाची टोपी, बाजूला नाव, तारीख, किती दिवस बसलो ते. खोल्यांना नावं कशी तर राजवाड्यांची, एक 'सां-सूसी', एक 'पॅले रॉयाल', आणि संडासाला म्हणे सिंहासनाची खोली.

आता यात बघण्यासारखं काय. एक तर ही शिक्षा म्हणजे काही काळकोठडी नव्हती, सुरुवातीचे दिवस पाव-पाण्यावर काढले की बाहेरून जेवण मागवता यायचं, लेक्चरला जायला तर सोडायचेच, संपलं की परत आत. शेवटी शेवटी तर असं झालं की एकदा तरी कार्झरमध्ये बसून आल्याशिवाय पदवी अपुरी वाटायची, म्हणजे शिक्षेचं पार प्रमाणपत्र झालं. हे कुठल्या नियमावलीत सापडणार नाही. नियमावलीत लिहिलंय 'शिक्षा'. भिंतीवर लिहिलंय 'आम्ही आलो होतो', आणि ते एवढ्या निवांतपणे, एवढं घोटून काढलंय की पश्चात्ताप बिश्चात्ताप कुठे शोधूनही दिसत नाही.

पण हुरळून जाऊ नका. 'विद्यार्थ्यांनी स्वतः काढलंय म्हणजे खरं' असंही नसतंय. तिथे टोप्याच टोप्या दिसतात कारण आत जाणं ही संघटनावाल्या, घरून पैसे येणाऱ्या पोरांची मिजास होती. शिकवण्या करून पोट भरणारा पोरगा रात्री रस्त्यातले दिवे फोडत कशाला हिंडेल, आणि हिंडला तरी भिंतीवर टोपी कुठली काढेल? तो त्या भिंतीवर नाही. मुलींना बाडेन राज्यात (हायडेलबर्ग त्यातच येतं) 1900 सालापासून रीतसर नाव घालता यायला लागलं, म्हणजे तुरुंगाची शेवटची चौदा वर्षं त्या विद्यापीठात होत्या, भिंतीवर मात्र त्यांची सावलीही नाही. तेव्हा भिंत कोणाचीही असो, ती कोणाला दिली होती हा प्रश्न सुटत नाही. निवळींचं म्हणणं इथेही लागू.

---

ओली_भिंत:

जुन्या भिंतींच्या दुरुस्तीचं काम करते, म्हणून थोडं वेगळ्या बाजूने. तुम्ही सगळे भिंतीवर काय काढलंय ते बघताय. मी आधी बघते भिंतीचं नंतर काय झालं ते. विद्यार्थी खरे सापडतात ते तिथे.

ऑक्सफर्ड युनियनचं उदाहरण घ्या, विद्यार्थ्यांची वादविवाद सभा. 1857 साली नवीकोरी इमारत, रोझेट्टी, विल्यम मॉरिस, बर्न-जोन्स हे चित्रकार आणि मित्रमंडळी आली, आर्थर राजाच्या कथा रंगवू म्हणाली, मानधन नको, फक्त रंगाचा, राहण्याचा आणि सोडावॉटरचा खर्च द्या. त्यातले मॉरिस आणि बर्न-जोन्स तर त्याच विद्यापीठाचे कालपरवाचे विद्यार्थी, विशीतले. उत्साह दांडगा, भित्तिचित्राचा अनुभव शून्य! नव्या बांधकामाची ओल अजून भिंतीत, वर ना नीट गिलावा ना अस्तर, विटांवर सफेदी फासली आणि तिच्यावर लहान लहान ब्रशांनी रंगवायला सुरुवात. बरं प्रत्येक चौकटीच्या मधोमध खिडक्या, म्हणजे उजेड डोळ्यावर आणि चित्र अंधारात. वर्षभराच्या आतबाहेर रंग उडायला लागला, काही चौकटी शेवटी दुसऱ्याच चित्रकारांकडून पुऱ्या करून घ्याव्या लागल्या. आता त्या चित्रातल्या शूर सरदारांवरून तुम्हाला 1857 च्या विद्यार्थ्यांबद्दल फार तर एवढं कळेल की त्यांना मध्ययुगाचं वेड होतं. पण त्या सफेदीवरून कळतं की पोरांच्या हातात सभागृह होतं, पैसा होता, आणि 'अरे थांबा' म्हणणारा कोणी मोठा माणूस जवळपास नव्हता. मला तर हे ऐतिहासिक दस्तऐवजाच्या तोडीचं वाटतं. (त्या सभेत बाईला पूर्ण सदस्य व्हायला 1963 उजाडलं, हे जाता जाता.)

आता @रिकामाफळा, तुमच्या भिंतीकडे वळू. दिवसा जा, शक्यतो सुट्टीत. खोलीतले दिवे बंद करा आणि एक चांगला टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूने मारा, समोरून नाही. तिरप्या उजेडात सगळं वर येतं, ओरखडे, फुगवटे, नंतर भरलेले खड्डे, वरून मारलेले रंगाचे हात. ओल्या गिलाव्यावरचं खरं फ्रेस्को असेल तर एका दिवसाच्या कामाचा गिलावा जिथे संपतो तिथे बारीक सांधा दिसतो, त्यावरून साधारण किती दिवस काम चाललं ते मोजता येतं.

मग खालचा पट्टा बघा, जमिनीपासून डोक्याच्या उंचीपर्यंतचा, कारण वरचं चित्रकाराचं असतं आणि हा पट्टा माणसांचा. बाकांच्या पाठी घासून आडवी रेघ पडलेली असते, ती कुठे आहे आणि कुठे नाही यावरून बाकं कशी मांडलेली ते कळतं. बसल्यावर डोकं जिथे टेकतं तिथे तेलाचे काळपट डाग असतात, ओळीने, एकसारख्या अंतराने, आणि एखाद्या जागेचा डाग बाकीच्यांपेक्षा गडद असतो, तिथे हमखास पंखा नाहीतर खिडकी निघते. टाचण्यांची भोकं झुबक्याने असतील तर तिथे सूचना लागायच्या. कोरलेली नावं कुठे आहेत बघा, देखरेख करणाऱ्याच्या टेबलावरून न दिसणाऱ्या कोपऱ्यात ती जास्त असणार. आणि चित्रातल्या कुठल्या चेहऱ्याला मिशा काढल्यात, कोणाचे डोळे खरवडलेत ते नोंदवा. तुमचे इस्त्रीतले विद्यार्थी जाऊ देत, जो चेहरा खरवडलाय तो मुद्दामच खरवडलाय, आणि तो कोणाचा हे जुन्या फोटोंवरून लागलं तर तुमच्या लेखाचं सोनं झालं समजा.

एक विनंती, ओल्या फडक्याने पुसून बघू नका. स्मरणिकेच्या उत्साहात एका ठिकाणी (नाव राहू दे) साबणाच्या पाण्याने भिंत धुतली आणि चुन्यावरचा सुका रंग सगळा बादलीत आला.

---

शाईपुसणं:

इतका वेळ कोणी शांतिनिकेतनचं नाव काढलं नाही याचं आश्चर्य वाटतंय. 'विद्यार्थीजीवन' हाच विषय असलेलं भित्तिचित्र हवं असेल तर ते तिथे आहे. बिनोदबिहारी मुखर्जींनी 1942 साली चीना भवनात, म्हणजे तिथल्या चिनी अभ्यासाच्या विभागात, आश्रमातलं रोजचं जीवन रंगवलं. स्वतः लहानपणी तिथेच शिकायला आलेले, मग कलाभवनाच्या, म्हणजे तिथल्या कलाशाळेच्या, पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक, मग तिथेच शिक्षक. म्हणजे संस्थेने बाहेरून बोलावलेला चित्रकार नाही आणि भिंतीवर टोपी काढून पळणारा विद्यार्थीही नाही, तिसराच प्रकार. त्यातून त्यांची नजर जन्मापासून अधू, एका डोळ्याने दिसत नव्हतं, दुसरा फार कमजोर. पुढे पन्नाशीत दृष्टी पूर्णच गेली.

मला त्यांचं त्याआधीचं काम विषयाला जास्त जवळचं वाटतं, 1940 चं, कलाभवनाच्या हॉस्टेलच्या छतावरचं. छतावर! मधोमध तळं आणि भोवती बीरभूमचं गाव, झाडं, माणसं, जनावरं, चारी बाजूंनी पसरलेली. या चित्राला वर-खाली अशी दिशाच नाही, कारण बघणारा खाली खाटेवर पडलाय आणि कोणाची खाट कुठल्या दिशेला तोंड करून असेल सांगता येत नाही. विद्यार्थी कसा राहतो हे त्या चित्रात काढलेलं नाहीये, पण चित्र सबंध विद्यार्थ्याच्या पडण्याच्या जागेवरून बेतलंय. आणि वर काय दाखवलं तर खोलीच्या बाहेर जे होतं तेच. 'अभ्यास करा' म्हणणारी सरस्वती नाही, संस्थापकाचा चेहरा नाही.

आणि निव्वळ_वाचक, तुमच्या हॉस्टेलच्या भिंतीचा तोड तिथेच आहे, 'कालो बाडी'. मातीचं हॉस्टेल, भिंतींवर विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी मिळून केलेली उठावशिल्पं, भारहुतच्या बौद्ध स्तूपापासून इजिप्तपर्यंतचे नमुने, आणि मातीला पावसाने धुऊन जाऊ नये म्हणून वर डांबर. मातीची भिंत असल्याने ती सारखी दुरुस्त करावी लागते, म्हणजे नंतरच्या विद्यार्थ्यांचे हातही त्यात लागलेले. तिथे 'मूळ' भिंत कुठली आणि डागडुजी कुठली हे वेगळं काढायला गेलात तर हाती काही लागणार नाही, आणि गरजही नाही.

---

चुन्याची_निवळी:

छताचं उदाहरण सुंदर. बसण्या-पडण्याच्या जागेवरून चित्र वाचणं, हे मी डार्टमथला लावून बघितलं तर ओरोस्कोचे सांगाडे अभ्यासाच्या टेबलाशेजारी आणि हम्फ्रीची रम जेवणाच्या टेबलाशेजारी. बरोबर बसतंय.

---

कडेलोट:

सगळं ठीक आहे पण एक कडू प्रश्न. तुम्ही 'पुरावा पुरावा' म्हणून ज्याचं कौतुक करताय त्याच्याखाली बसून ज्याला शिकावं लागतं त्याचं काय? डार्टमथचं ते पिंपवालं चित्र आधी कित्येक वर्षं झाकून ठेवलेलं आणि 2018 मध्ये तिथून हलवायचं ठरलं, ते काही उगाच नाही. अमेरिकेतल्याच केंटकी विद्यापीठात 1934 चं फ्रेस्को आहे, ॲन राइस ओ'हॅनलन या तिथल्याच माजी विद्यार्थिनीने काढलेलं, राज्याचा इतिहास म्हणून. त्यात काळे लोक आहेत, पण शेतात वाकलेले नाहीतर गोऱ्यांच्या नाचाला वाद्य वाजवणारे. ते काढलं तेव्हा त्या विद्यापीठात काळ्या विद्यार्थ्याला प्रवेशच नव्हता, तो 1949 साली कोर्टात जाऊन मिळवावा लागला. मग पुढे प्रवेश मिळालेली मुलं अनेक वर्षं त्याच चित्राखाली कार्यक्रमांना बसली. त्यांना तो 'दस्तऐवज' म्हणून वाचायचा उत्साह असेल असं वाटत नाही.

---

ओली_भिंत:

@कडेलोट मुद्दा रास्त आहे आणि केंटकीचं पुढचं तर फारच गुंतलेलं. 2015 मध्ये विद्यार्थी बोलल्यावर चित्र काही काळ झाकलं. 2018 मध्ये कॅरिन ऑलिव्हिए या काळ्या कलावंत बाईंनी त्याच इमारतीतल्या घुमटाला सोन्याचा वर्ख लावून त्यावर जुन्या चित्रातलीच काळी आणि मूलनिवासी माणसं उचलून मांडली, फक्त शेत नाही, मालक नाही, नुसती माणसं. 2020 मध्ये विद्यापीठ जुनं चित्र काढूनच टाकायला निघालं तेव्हा त्यांनीच विरोध केला, कारण खालचं गेलं तर वरच्याचा अर्थच उरत नाही. खरं फ्रेस्को भिंतीच्या गिलाव्यातच मुरलेलं असतं, कॅनव्हाससारखं गुंडाळून नेता येत नाही, त्यामुळे 'हलवा' म्हणणं सोपं आणि करणं महाकठीण.

उलट बाजूही सांगते. विद्यार्थ्यांनी हल्ला केला म्हणून चित्र वाईट होतं असंही नाही. मेक्सिको सिटीत राष्ट्रीय पूर्वतयारी शाळेच्या (विद्यापीठात जाण्याआधीची शाळा) भिंती 1922 पासून रिव्हेरा, ओरोस्को, सिकेरोस या चित्रकारांनी रंगवायला घेतल्या, आणि 1924 मध्ये तिथल्याच विद्यार्थ्यांनी त्यातल्या चित्रांची मोडतोड केली, ओरोस्कोला काम थांबवावं लागलं, दोनेक वर्षांनी परत येऊन त्याने काही भाग नव्याने रंगवले. तेव्हा त्या शाळेत साधारण दोन हजार विद्यार्थ्यांत पस्तीस मुली होत्या, त्यातली एक पुढे चित्रकार म्हणून गाजलेली फ्रिडा काहलो. चित्रात क्रांती, शेतकरी, कामगार. आणि भिंतीसमोर दगड घेतलेली बऱ्या घरची मुलं. त्या काळचं विद्यार्थीजीवन चित्रात बघाल की दगडात?

---

रिकामाफळा:

बाप रे, एवढं येईल वाटलं नव्हतं, आभार सगळ्यांचे. आज टॉर्च घेऊन जाऊन आलो. खालच्या पट्ट्यात डोक्यांचे डाग आहेत, ओळीने आहेत, पण डावीकडच्या एक तृतीयांश भागात एकही नाही, एकदम स्वच्छ. आणि त्याच भागात जमिनीपासून माझ्या कमरेएवढ्या उंचीवर भोकं आहेत, टाचण्यांची नाहीत, मोठी, खुंट्या ठोकल्यासारखी, दोन दोन जोडीने. चेहरे कोणी खरवडलेले नाहीत, एकालाच चष्मा काढलाय पेन्सिलने. या भोकांचं काय असेल?

---

ओली_भिंत:

कमरेच्या उंचीला जोडीने म्हणजे आडवी पट्टी किंवा दांडा बसवलेला असणार, आणि पलीकडे डाग नाहीत म्हणजे तिथे कोणी टेकून बसत नव्हतं. लाकडी आडोसा असावा असा माझा संशय आहे, पडदी घालून तो भाग वेगळा केलेला. जमिनीवर त्याच रेषेत फरशीचा रंग बदलतो का बघा, आणि वाचनालयाच्या जुन्या नियमांत 'विद्यार्थिनींची बसण्याची सोय' असं कलम सापडतं का ते बघा. आडोशाआड मुली बसत असतील तर तिथे बाकांऐवजी टेबल-खुर्च्या भिंतीपासून लांब ठेवलेल्या असू शकतात. नसेल तर मासिकांची मांडणी असेल, तीही शक्यता धरून चला, आधीच लेखात लिहून मोकळे होऊ नका. आणि चष्मेवाल्याचा फोटो टाका इथे, बाजूला फूटपट्टी ठेवून.